मूळ गावाचा रकाना

मुंबईची थंडी ती काय! चार दिवस येते, चपला न काढता दारातच उभी राहते, आणि आपण कपाटातून स्वेटर काढेपर्यंत निघून गेलेली असते. तरी मला ती कळते. यंदा एका सकाळी अशी काही हवा सुटली की परळच्या आमच्या प्रयोगशाळेतली तरणीताठी मुलंसुद्धा कान झाकून आली. त्यातल्या एकीने पर्समधून इवलीशी डबी काढून ओठांना काहीतरी लावलं. महागातलं असणार. पण त्या वासाच्या तळाशी मला कोकमाच्या तेलाचा वास आला. कदाचित त्यात नसेलही. माझ्याच डोक्यात असेल. मी हातातलं काम ठेवलं आणि उगीचच खिडकीशी जाऊन उभी राहिले.

कोकमाचं तेल म्हणजे खरं तर तेल नव्हे, पिवळट पांढरा घट्ट गोळा. आम्ही मालवणकडची माणसं त्याला भिरंडेल म्हणतो. गावाहून कुणी आलं की एक-दोन गोळे आणायचंच. थंडी पडली की चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत माणसं गॅलरीत उन्हाला बसायची, गोळा निखाऱ्यावर जरासा धरायची आणि टाचांच्या भेगांत, ओठांवर, बोटांच्या चिरांत भरायची. अख्ख्या मजल्याला तो आंबूस, मातकट वास यायचा. त्या वासात मी अभ्यास केलाय, भांडणं केलीत, आणि माणसांच्या बोटांना सुया टोचल्यात.

हो, सुया. संपाची ती दुसरी थंडी होती. गिरण्या बंद होऊन वर्ष होत आलं होतं. भोंगा नसल्यामुळे सकाळ नक्की कधी सुरू होते तेच कळायचं नाही. ती आपली पसरत राहायची. चिमण्यांना धूर नाही, म्हणून हवा अशी नितळ की समोरच्या चाळीच्या कौलांवरचं दव मोजावं. बाबांचे केस काळे आहेत हे मला त्या वर्षी कळलं. नाहीतर ते कामावरून यायचे ते डोक्यावर, भुवयांवर, कानांवर कापसाचे तंतू घेऊनच. लहानपणापासून मला ते म्हातारेच वाटत आलेले. आणि त्यांचा खोकला गेला. संपाने घरातलं एकेक करून सगळं नेलं, पण बाबांच्या छातीतला खोकलाही नेला. आई म्हणायची, "बघ, फुकटात हवापालट झाला." आणि पेजेत आणखी तांब्याभर पाणी ओतायची.

आमच्या खोलीत आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि काका. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा. बाबांना मी तुम्ही म्हणायची, काकाला तू. दोघं एकाच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर. काकाची बोटं विलक्षण होती. कुठलंही कापड दोन बोटांत चोळून तो सांगायचा, हे अमक्या गिरणीचं, ते तमक्या गिरणीचं. शेजारणी नव्या साडीचा पदर त्याच्यापुढे धरायच्या आणि तो डोळे मिटून साडीचं गाव सांगितल्यासारखा गिरणीचं नाव सांगायचा. चुकला तर मान्य करायचा नाही. म्हणायचा, "कापड खोटा बोलता."

मी तेव्हा एकवीस वर्षांची, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. माणसं कुठून कुठे गेली, कोण कुणात मिसळलं, हे रक्तावरून वाचायचं शास्त्र शिकत होते. आमच्या सरांचा विषयच तो. ते वर्गात खडू हातात धरून तसेच उभे राहायचे आणि हजारो वर्षांपूर्वी चालत निघालेल्या माणसांबद्दल बोलायचे, जणू आत्ताच त्यांना फाटकापर्यंत सोडून आलेत. मला ते ऐकताना गुंगी यायची. समुद्राच्या कडेकडेने चालणारी माणसं, पाठीला पोर, हातात शिंपले. तास संपल्यावरही माझे पाय चालत असायचे.

तर सरांनी मला गिरणगावातल्या कोकणी कुटुंबांचं काम दिलं. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब जाड कागदावर घ्यायचा, आणि एक कडू कागद चाखायला द्यायचा. औषधात बुडवलेल्या त्या पट्ट्या काहींना कडूजहर लागतात, काहींना काहीच लागत नाहीत. ते आईबापाकडून येतं. सोबत एक फॉर्म. त्यात सगळ्यात वर रकाना: मूळ गाव. स्वतःचं, आईबापाचं, दोन्हीकडच्या आजीआजोबांचं. आणि सरांचे दोन नियम. एका कुटुंबातल्या एकाचंच रक्त घ्यायचं. आणि तीन पिढ्यांचं गाव ठाऊक नसेल, त्याचं घ्यायचंच नाही.

मला वाटलं, आपल्याच चाळीत काय अवघड आहे! कसलं काय. रविवारी सकाळी मी गॅलरीत स्टूल मांडून बसले, स्पिरिट, कापूस, सुया लावल्या, आणि माणसं कठड्याला टेकून लांबूनच बघत राहिली. "रगात कशाक होया गो?" "विकतात म्हणे ता." "अंगात हा खंय रगात? वरसभर पेज पिऊन पेज निघात!" सगळे हसले. मीही हसले, पण मला रडू येत होतं. माझा पहिला दिवस, माझी माणसं, आणि एक बोट पुढे येत नव्हतं.

तेव्हा काका उठला. उन्हात बसून बोटांना भिरंडेल चोळत होता, तसाच आला आणि स्टुलासमोर मांडी घालून बसला. शर्टाची बाही उगीचच कोपरापर्यंत वर केली, टोचायचं होतं बोटाला, तरी. "घे गो बाय, माझा रगात घे."

बोट इतकं तेलकट होतं की धरवेना. दोनदा सुई सरकली. तिसऱ्यांदा थेंब आला, गोल, गडद. मी तो कागदावर उतरवला. मग काकाने कडू कागद जिभेवर ठेवला. सगळी गॅलरी वाकून बघायला लागली.

"कसो लागता?"

काका बराच वेळ चघळत राहिला. "कागद तो कागद. काय एक लागत नाय."

पुढचा माणूस मात्र तोंड वेंगाडून कठड्यावरून थुंकला, आणि मग काय, सगळ्यांना ती गंमत हवी झाली. रांग लागली. कुणाला कडू, कुणाला नाही, कोण कुणाचा, याच्यावर पैजा. दुपारपर्यंत माझ्या डब्यात चाळीसेक कागद जमले. त्या थंडीत चाळीत इतकं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. अजूनही कधी प्रयोगशाळेत बसल्या बसल्या ते हसणं येतं, एखाद्या यंत्राच्या घरघरीखालून, आणि मी मान वर करते.

शेवटी बाबा आले. बोट पुढे केलं. मी म्हटलं, "बाबा, तुमचं नाही घेता येणार. काकाचं घेतलंय ना. एका घरातला एकच."

बाबांनी काकाकडे बघितलं. काकाने बाबांकडे. आणि बाबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "घे. चालात. आमी रगताचे भाव नाय."

त्यांना वाटलं असेल, सख्खे भाऊ नाहीत म्हटलं की दोघांचंही रक्त चालेल, हिला मदत होईल. मी सुई हातात घेऊन तशीच बसून राहिले.

ती गोष्ट त्यांनी मला पाच मिनिटांत सांगितली, टाचांना तेल लावता लावता. त्या काळी गिरणीत जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, आपल्या नाहीतर कामगाराच्या नात्यातल्याच माणसाला लावून घ्यायचा. काका तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा, आजोबांच्या खानावळीत पडेल ते काम करून जेवणारा. आईबाप कोण, त्याला ठाऊक नाही. अगदी लहान असताना कुणीतरी मुंबईत आणून सोडलेला. बाबा आधीच गिरणीत लागले होते. आजोबांनी जॉबरला सांगितलं, हा माझा धाकटा. मस्टरवर नाव चढलं, आडनाव आमचं, गाव आमचं. त्या दिवसापासून तो आमचा. चाळीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना हे ठाऊक होतं. कुणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"मग तू कुठला?" मी काकाला विचारलं.

"माका काय ठावक? लाल माती आठवता. आणि एक म्हस." तो हसला. "रगतावरून गाव कळता काय गो?"

लाल माती! कोकणात लाल माती, घाटावर लाल माती, खाली कारवारापर्यंत लाल माती. मी म्हटलं, बघू.

सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी फॉर्मवरचं नाव बघितलं, रकान्यातलं आमच्या गावाचं नाव बघितलं आणि मी सांगितलेलं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हते सर. हळूच म्हणाले, "हे गाव खोडा. आणि ज्याचं मूळ आपल्याला माहीत नाही, त्याच्या रक्तावरून आपण काय बोलणार? हा नमुना बाद." शास्त्र म्हणून त्यात चूक काहीच नव्हती. मी गाव खोडलं. फॉर्मवर बाद असं लिहिलं.

काका रोज विचारायचा, "माझा काय निघाला?" सगळ्यात आधी त्याने दिलेलं ना, त्याला त्याचा अभिमान होता. मला खोटं बोलता आलं असतं. काहीतरी ठोकून द्यायचं, निघालं चांगलं म्हणून. पण मला शास्त्र चढलं होतं. आणि खरं सांगू? मला राग आला होता. एकवीस वर्षं मला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि तो राग मी कुणावर काढायचा ते मला कळत नव्हतं. मी म्हटलं, "तुझं रक्त चाललं नाही, काका. तुझं गाव माहीत नाही ना, म्हणून बाद केलं."

तो बोटांना तेल लावत होता. लावायचा थांबला. मग म्हणाला, "गिरणीन बाद केल्यान. आता तुमी पण काय?" आणि हसला. त्याने हसायला नको होतं.

ती थंडी शिमग्याआधी सरली. संप कुणी मोडला नाही, मिटलाही नाही. तो विरत गेला. चाळीतून एकेक कुटुंब गावाला निघालं. ज्याला त्याला जायला एक गाव होतं, पडकं का असेना, चार माडांचं का असेना. आई-बाबा पण निघाले. मला शिकायचं म्हणून मी हॉस्टेलवर. परळच्या एसटी स्टँडवर काका त्यांना पोचवायला आला, वळकटी टपावर चढवली, खिडकीशी उभा राहिला. बाबा म्हणाले, "चल रे तू पण. घर तुझाच हा." काका म्हणाला, "येतंय मागाहून." गाडी सुटली तेव्हा त्याचा हात अजून खिडकीच्या गजावर होता, आणि त्याला दोन पावलं धावावं लागलं. मी बाजूला उभी होते. मी केलेल्या खोडाखोडीनंतर तो त्या गावाला कसा जाईल, असं माझ्या मनात आलं. कदाचित त्याच्या मनात हे नसेलही. तो मागाहून गेला नाही, एवढं मात्र खरं.

त्याच खोलीत तो राहिला. जिन्याखाली इस्त्रीचं टेबल मांडलं. गिरण्या पडल्या, तिथे काचेच्या इमारती आल्या, आणि त्या इमारतींतल्या साहेबांचे शर्ट काकाच्या टेबलावर आले. तो इस्त्री फिरवायच्या आधी कॉलर दोन बोटांत चोळायचा. सवय. पण आता ती कापडं कुठल्या देशातून यायची कोण जाणे. "हेका गावच नाय," असं म्हणून तो पाणी शिंपडायचा आणि इस्त्री दाबायचा.

मी त्याच विषयात राहिले. रक्ताच्या गटांवरून आम्ही पुढे डीएनएवर आलो. आता एका थेंबातून आईची आई, तिची आई, अशी ओळ मागे मागे वाचता येते. हे मी काकाला एकदा त्याच्याच भाषेत सांगितलं होतं. मागावर सूत तुटलं की कामगार गाठ मारतो, आणि ती गाठ कापडात राहते. तशा आईकडून लेकरांकडे जाणाऱ्या धाग्यात हजारो वर्षांत कधीतरी एखादी गाठ पडते आणि पुढच्या सगळ्यांत उतरते. आम्ही त्या गाठी वाचतो. काका म्हणाला होता, "मगे तू पण साचेखात्यातलीच." मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. पण त्याचा कागद माझ्याकडे आहे, हे मी तेव्हाही बोलले नाही.

होता माझ्याकडे. बाद नमुने टाकून द्यायचे असतात. मी तो टाकला नव्हता. पाकिटात घालून, फॉर्मसकट, माझ्या कपाटात मागे सारला होता, आणि जिथे जिथे माझं कपाट गेलं तिथे तो गेला. यंदा माझं निवृत्तीचं वर्ष. जुनं सगळं आवरा, म्हणून फर्मान आलं. ओठांना डबीतलं काहीतरी लावणाऱ्या त्या मुलीने मागचं पाकीट काढलं आणि विचारलं, "मॅडम, ह्यावर बाद लिहिलंय. टाकू?"

मी जवळजवळ ओरडलेच तिच्यावर. मग पाकीट उघडलं. थेंब काळपट तपकिरी झाला होता, आणि त्याच्याभोवती कागदावर एक तेलकट कडं होतं. भिरंडेलाचं. वास वगैरे काही राहिला नव्हता, मी नाकाला लावून पाहिलं.

त्याच संध्याकाळी काकाकडे गेले. आता तो पंच्याऐंशीचा असेल किंवा नव्वदीचा. त्यालाही ठाऊक नाही. विचारलं, "काका, तुझं ते जुनं रक्त सापडलंय. आता बघता येईल. बघू का?"

"बघ की. मेल्यार बघतलंस काय?"

थेंबाचा टिकलीएवढा तुकडा कापला. तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी विद्यार्थिनीसारखी काढले; झोपेतून उठताना डोळ्यांपुढे लाल माती, एक म्हैस, आणि तिच्यामागे तोंड न दिसणारी एक बाई. मला वाटत होतं, या वेळी तरी मी त्याला एक गाव देईन. निदान एखादी नदी. एखादा घाट.

निकाल आला. काकाच्या आईची ओळ फार जुनी निघाली. कोकणात आहे, घाटावर आहे, दक्षिणेत आहे, कोळीवाड्यांत आहे, डोंगरातल्या पाड्यांवर आहे. समुद्राच्या कडेने चालत आलेल्या त्या माणसांतली कुणीतरी ती. इतकी जुनी की तिच्या लेकी जिकडे तिकडे पसरल्या. गाव म्हणून काही निघत नव्हतं. खुर्चीत बसून मी तो कागद दहा वेळा वाचला, आणि मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. शास्त्रज्ञ म्हणून हे किती सुंदर आहे ते मला कळत होतं. पण जिन्याखालच्या माणसाला जाऊन मी काय सांगणार होते?

काल रविवारी गेले. काका उन्हाचा एक पट्टा शोधून त्यात बसला होता. टेबल आता दुसरं कुणी चालवतं. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. चालत निघालेली माणसं, जुनी आजी, तिच्या लेकी, सगळं. तो नीट ऐकत होता.

"लाल माती निघाली?"

"नाही रे. माती नाही निघत रक्तातून. गाव नाही सापडलं, काका."

त्याने मान हलवली. मी पिशवीतून जुना फॉर्म काढला. "पण हे बघ. बाद खोडलंय मी. आमच्या शेवटच्या अभ्यासात तुझं रक्त धरलंय. रकाना रिकामा ठेवून."

"रिकामो ठेवून चालता?"

"चालतं."

त्याने फॉर्म हातात घेतला. अक्षरं त्याला दिसत नसावीत. त्याने कागद दोन बोटांत चोळला, जुन्या सवयीने, आणि बराच वेळ चोळत राहिला.

"मगे तेवा कित्या नाय चालला?"

सरांचा नियम, त्या काळातली पद्धत, नमुन्याच्या अटी. सगळं माझ्या तोंडाशी आलं. चाळीस वर्षं मी हेच स्वतःला सांगत आलेय. पण माझ्याच्याने ते बोलवेना. मी म्हटलं, "मी चुकले, काका. तुला तसं सांगायला नको होतं मी. माझं चुकलं."

त्याने फॉर्मची घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. मग उजव्या हाताने डाव्या हाताची बाही वर करायला लागला. बाही कोपराशी अडकली, मी ती वर केली. त्याने बोट माझ्यापुढे धरलं.

"ता आता जुना झाला असात," तो म्हणाला. "ताजा घे."

माझ्याजवळ सुई नव्हती. मी ते बोट हातात धरलं. चिरा पडलेलं, कोरडं होतं, आणि या वेळी अजिबात सरकत नव्हतं.